नात्यातल्यासाठी उभं राहू नये

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता जरा वाकू लागला असेल असं धरून चालतो. इकडे मी, तुझी वहिनी आणि गिरणी, तिघंही जागच्या जागी आहोत. तुझा फोन दोनदा येऊन गेला, पण गिरणीच्या घरघरीत ऐकू आला नाही. तसंही फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही. आपलं पत्रच बरं.

तुझ्या चिमणने लिहिलं नाही म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. त्याला सध्या सवड नाही.

आमच्याकडे दंगल झाल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. लांबच्या बातमीला शेपूट फुटतं, म्हणून जेवढं झालं तेवढंच सांगतो. रेल्वेच्या भरावाच्या अलीकडे बाजार, दवाखाना, शाळा, आमची गिरणी. पलीकडे खालची वस्ती. रंगाच्या कारखान्यातली आणि चामड्याच्या कामातली माणसं तिथं राहतात. मधे भरावाखालून जाणारा बोगदा आहे. दोन माणसं आणि एक सायकल एका वेळी जाईल एवढाच, पण सगळी वस्ती त्यातूनच ये-जा करते. गेल्या महिन्यात पंप बिघडला म्हणून खालच्या वस्तीचे नळ बंद ठेवले. बाजारातले मात्र चालू. लोक वाट बघून बघून थकले आणि एका दुपारी रिकाम्या बादल्या वाजवत पालिकेवर आले. पहिला दगड कोणी मारला हे इथं ज्याला त्याला ठाऊक आहे, फक्त प्रत्येकाचा दगड मारणारा वेगळा. त्यानंतर बाजारातली पोरं लाठ्या घेऊन उतरली. दुकानं जळाली, खालचीही आणि वरचीही. पोलिसांनी हाताला लागेल त्याला उचललं.

चिमण ज्यांच्याकडे काम शिकतो ते शिंपीकाका सुखरूप आहेत. दुकान गेलं. एक शिलाई मशीन पोलिसांकडे आहे.

परवा पालिकेची खास बैठक झाली. मी निवडून आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "गिरणीवाल्याला मतं कोण देणार? पीठ थोडं जास्त येईल म्हणून?" पण अशा वेळी आपण त्या खुर्चीत असणं हे देवानंच नेमलेलं काम आहे, असं मनात धरून गेलो. बैठकीत काय काय झालं म्हणून सांगू! औषधांच्या दुकानवाल्यांना चौकाचौकात भोंगे हवे होते. अध्यक्ष, म्हणजे आमचे वकीलसाहेब, सारखे म्हणत होते, "भावना समजून घ्या, भावना समजून घ्या." कोणाच्या, ते मात्र सांगत नव्हते. निवृत्त हेडमास्तरांनी लोक का चिडले हे शोधायला समिती नेमा अशी सूचना केली.

मी म्हटलं, "पाणी नव्हतं म्हणून चिडले."

"ते वरवरचं कारण झालं," हेडमास्तर म्हणाले. "आपल्याला मुळाशी जायला हवं."

"मग पाणी मुळाशीच घालतात ना, मास्तर?" सुईणबाई म्हणाल्या. सगळे हसले. या सुईणबाई सभागृहातल्या एकट्या बाई सदस्य. अर्ध्या गावाला त्यांनीच जगात आणलंय, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी फार ताठ चालत नाही.

लाकडाच्या वखारवाल्यांचं एकच म्हणणं होतं. बोगदा विटांनी बुजवून टाका. "नाक दाबलं की तोंड उघडतं," ते म्हणाले. मी उठून विरोध केला. वस्तीतल्या लोकांनी दवाखान्यात यायचं कुठून? रेल्वेच्या फाटकापर्यंत वळसा घालायचा तर चालत्या माणसाचा दीड तास जातो, आणि आजारी माणूस तर चालतही नाही. तो विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मग फौजदारसाहेबांचा निरोप वाचला गेला. कोठडी भरली आहे. ज्या पोरासाठी पालिकेचा सदस्य जबाबदारी घेईल त्याला सोडतो, बाकीच्यांना जिल्ह्याच्या तुरुंगात पाठवतो. आमच्या पालिकेत जबाबदारी घ्यायची एक जुनी रीत आहे. कागद नाही, सही नाही. दिवे असोत, गटार असो, नाव पुकारलं की ज्याची जबाबदारी त्यानं उभं राहायचं आणि म्हणायचं, "ही माझ्याकडे." सगळ्यांदेखत उभं राहिलेला माणूस सहसा फिरत नाही.

मी हात वर केला. म्हटलं, एक नियम आधी करा. नात्यातल्यासाठी कोणी उभं राहू नये. वखारवाल्यांची दोन्ही पोरं पेटते बोळे फेकताना अर्ध्या बाजारानं पाहिली होती, आणि बापच उठून त्यांना सोडवणार होता. हा कसला न्याय? मी फार मोठ्यानं बोललो नाही, पण शब्द नीट आले. नियम एकमतानं मंजूर झाला. टाळ्याही पडल्या.

बाकी विशेष काही नाही. तुझी वहिनी रोज डबा घेऊन बाहेर जाते, त्यामुळे दुपारचं जेवण मला उशिरा मिळतं. ती खाली दोन ओळी लिहीन म्हणत होती, पण टपाल निघायची वेळ झाली.

तब्येत सांभाळ.

तुझा भाऊ

\*

दि. २१ फेब्रुवारी

ताई,

शिंपीकाकांनी तुला कळवलं ते बरं केलं. पत्रात तू मला एक शिवी लिहिली आहेस आणि मग ती खोडली आहेस. खोडायला नको होतीस.

हो. चिमण आत आहे. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही आतच होता. "सवड नाही" हे मी लिहिलं तेव्हा त्याला सवडीशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्याचा गुन्हा ऐक. शिंपीकाकांच्या दुकानाला आग लागली तेव्हा म्हातारा बाहेर उभा राहून नुसता "मशीन, मशीन" म्हणत होता. चिमण आत घुसला. एक मशीन खांद्यावर घेऊन बाहेर आला आणि धुरातून थेट पोलिसांच्या समोर. धुरात डोळे चोळत, दुसऱ्याचं मशीन खांद्यावर घेऊन पळणारा तरणाताठा पोरगा. त्यांनी लुटारू म्हणून धरला. काका मागून ओरडत होते की तो माझाच माणूस आहे, पण काका खालच्या वस्तीतले. त्या दुपारी त्यांचं ओरडणं ही साक्ष नव्हती, तो गोंगाट होता.

म्हणजे सदस्य उभा राहिला असता तर चिमण त्याच संध्याकाळी घरी जेवला असता. आणि तो कोठडीत आहे हे मला माहीत असताना मी तो नियम मांडला. ताई, हे मी तुझ्यापासून मागल्या पत्रात लपवलं. मला वाटलं होतं, तो निर्दोष आहे, आपोआप सुटेल. वाईट माणसं अडकावीत म्हणून मी जाळं विणलं, आणि चांगलं माणूस त्यातून निसटेल एवढं भोक देव ठेवील असं धरून चाललो.

टाळ्या का पडल्या ते मला चहाच्या सुट्टीत कळलं. कपबशा हातात घेऊन सगळे दोघादोघांनी कोपऱ्यात उभे होते. "तुमचा पुतण्या मी घेतो, माझा मेव्हणा तुम्ही घ्या." बाजारात जुन्या भांड्यांवर नवी भांडी घेतात तसं चाललं होतं. वखारवाल्यांची दोन्ही पोरं औषधवाल्यांनी पत्करली आणि औषधवाल्यांचा भाचा वखारवाल्यांनी. वकीलसाहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान नियम केलात हो. घरच्यासाठी उभं राहायला जरा लाजच वाटत होती."

सुईणबाई माझ्याकडे आल्या. "तुमचा भाचा आत आहे ना?"

"आहे."

"माझा जावई आहे. नुसता बघायला गेला होता, बघ्यांतला बघ्या. तुम्ही त्याच्यासाठी उभे राहा, मी तुमच्या पोरासाठी राहते."

मी म्हटलं, "बाई, नियम मीच केला आणि मीच असा मागल्या दारानं मोडू?"

"मोडतोय कोण? जावई तुमच्या नात्यातला आहे का?"

"देवाला हिशेब कळतो."

त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "तुम्ही देवमाणूस आहात. देवमाणसाच्या घरात राहणाऱ्याचं काही खरं नसतं."

तरी ती बाई मनानं मोठी. मी त्यांच्या जावयासाठी उभा राहिलो नाही, पण चिमणचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात धरले, अर्ध्या उठल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी नुसता होकार द्यायचा होता. बोलायचंही नव्हतं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

चिटणिसांनी नाव पुन्हा पुकारलं. त्या बसल्या. पुढचं नाव आलं.

तू मला विचारतेस की त्या वेळी माझ्या मनात काय होतं. आपले शाळेतले गुरुजी आपल्या बाबांना म्हणाले होते, "बहीण हुशार आहे, भाऊ नुसता चांगला आहे." ते मला लागलं होतं, पण मी ते धरून बसलो. हुशारी नाही तर नाही, चांगुलपणात तरी कोणी मला हरवू नये. देवापुढे मी रोज बसतो, कधी काही मागत नाही. मागत नाही याचाही मला अभिमान होता, हे आता कळतंय. त्या क्षणी मान हलवताना मला दुःख झालं नाही, ताई. मला बरं वाटलं. छातीत असं काही तरी स्वच्छ वाटलं. ते लिहिलं नाही तर हे पत्र मागच्यासारखंच होईल.

बैठकीत ज्यांच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही त्यांत बाजारातला एकही पोरगा नव्हता. सगळे खालच्या वस्तीतले आणि एक चिमण. सुईणबाईंच्या जावयालाही शेवटी हेडमास्तरांनी घेतलं. माझ्या नियमानं एवढंच काम केलं. ज्याला कोणी होतं त्याला आणखी एक मिळाला.

आता जे सांगायचं ते सांगतो. तुझी वहिनी रोज डबा घेऊन जाते ती कोठडीवर. डबा दारातच घेतात. परवा पहिल्यांदा तिला त्याला भेटू दिलं. ती परत आली आणि डबा न धुता तसाच ठेवला. चिमणच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. चौकशी करताना असं झालं म्हणतात. मी तिला विचारलं, कधी झालं? ती म्हणाली, "तुमच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी. टाळ्या पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी." मग म्हणाली, "तुमचा देव नेहमी दुसऱ्याच्याच लेकराची परीक्षा कशी हो घेतो?" आम्हाला मूल नाही. तू चिमणला आमच्याकडे ठेवलंस तेव्हापासून पंधरा वर्षं तिनंच त्याला वाढवलं.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढते, पण समोर बसत नाही.

शिंप्याचा हात, ताई. कात्री त्याच बोटांत धरतात.

अजून त्याला जिल्ह्याला नेलेलं नाही. गाडी मिळाली की नेतील. एकदा तिकडे गेला की खटला, तारखा, वर्षं. म्हणून मी काल वखारवाल्यांकडे गेलो. सुईणबाईंकडे आधी गेलो होतो. त्या म्हणाल्या, "आता माझं एकटीचं चालत नाही. फौजदार आता फक्त ज्याच्याकडून त्याला काही मिळतं त्याचंच ऐकतो." वखारवाले लाकडाच्या ढिगावर बसून दात कोरत होते. मला बसा म्हणाले नाहीत.

"या, नियमवाले," ते म्हणाले. "तुमच्यामुळे माझी पोरं सुटली, तुमचे उपकार आहेत."

मी चिमणचं सांगितलं. बोटांचंही सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना वाईट वाटलं असं दिसलं. "पुढच्या बैठकीत मी उभा राहतो. फौजदार माझा शब्द टाळणार नाही. फक्त एक आहे. त्याच दिवशी बोगद्याचा विषय आहे, आणि मला एक मत कमी पडतंय."

मी तसाच परत आलो.

ताई, तो बोगदा बंद झाला तर काय होईल हे मी त्या सभागृहात उभं राहून सांगितलं आहे. माझ्या गिरणीत येणाऱ्यांतली निम्मी माणसं त्यातून येतात. त्यांच्या मतांवर मी तिथं बसलो. आणि माझ्यासमोर एक पोरगा आहे, ज्याचा हात मी मान हलवली म्हणून मोडला. देवापुढे बसतो तर तो काही बोलत नाही. बोलत तर कधीच नव्हता, पण आधी मला त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कळतो असं वाटायचं.

बैठक पुढच्या गुरुवारी आहे. तू हुशार आहेस. तू सांग.

भाऊ

\*

दि. ८ मार्च

ताई,

तुझं उत्तर वेळेत आलं. एकच ओळ होती, "माझा मुलगा बाहेर काढ." मी ती बैठकीला जाताना खिशात घेतली होती. तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तू तो बोगदा कधी पाहिला नाहीस, मी रोज पाहतो. तुला जे मागायचं होतं ते तू मागितलंस. आई आणखी काय मागणार?

चिमण बाहेर आला.

आधी बैठकीचं सांगतो, कारण ते टाळलं तर मी पुन्हा सगळंच टाळीन. खालच्या वस्तीतली माणसं बघायला आली होती, भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे पाहून हसली. एका बाईनं लांबूनच मान डोलावली. तिच्या सुनेला दिवस गेलेत, दळण आणते तेव्हा मला तिच्या उलट्यांचं सगळं ऐकवते. सुईणबाई बोगद्याच्या बाजूनं बोलायला उठल्या. "अडलेली बाई मी फाटकाला वळसा घालून आणू का? पोटातलं पोर थांबेल तेवढं? त्यालाही ठराव वाचून दाखवायचा का?" मागे टाळ्या पडल्या. वकीलसाहेबांनी शांतता राखायला सांगितलं.

मग मतं. हात वर करायचे. वखारवाल्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना खात्री होती.

माझा हात वर गेला. तुला वाटेल जड झाला असेल. नाही गं. हलका होता. दळणाचं रिकामं पोतं उचलावं तसा गेला. मान हलवतानाही असाच हलका होतो मी. दोन्ही वेळेला उलटी कामं केली आणि अंगाला दोन्ही सारखीच वाटली, हे माझ्या मनातून जात नाही. मागे भिंतीशी कोणी ओरडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माणसं एकेक करून जिना उतरून गेली.

त्यांच्या चपलांचा आवाज थांबल्यावर वखारवाले उभे राहिले आणि म्हणाले, "गिरणीवाल्यांच्या भाच्याची जबाबदारी माझ्याकडे. माझ्या पोरांसारखाच तो." आणि माझ्याकडे वळून, "तुमच्या नियमात बसतं ना हे? नात्यातला नाही म्हणून विचारलं." खूप हसले सगळे. हेडमास्तरसुद्धा. मीही थोडा हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणला सोडलं. वहिनी आणि मी कोठडीच्या दाराशी उभे होतो. वाळला आहे, पण अजून दारात वाकूनच यावं लागतं त्याला. हाताला मळकी पट्टी होती. वहिनीला पाहून हसला. मला म्हणाला, "मामा, काकांचं मशीन अजून यांच्याकडेच आहे. पुरावा म्हणून ठेवलंय म्हणे. तू बोलशील का?" मी हो म्हटलं. वाटेभर वहिनी माझ्याकडे बघत होती. सांगा त्याला, अशी. मी हवापाण्याचं बोललो.

तो आंघोळ करून जेवला. डाव्या हातानं जेवताना सांडलं तेव्हा "लहानपणी पण असाच खायचो का गं मामी?" म्हणाला. वहिनी उठून आत गेली. मग त्यानं सदरा चढवला. म्हणाला, काकांकडे जाऊन येतो.

मी म्हटलं, "आज नको. आराम कर."

"काका वाट बघत असतील रे."

मी त्याच्या मागोमाग निघालो. बोगद्याशी गवंड्यांचं काम चालू होतं. पालिका पंप दुरुस्त करायला महिना लावते, ताई, पण ही भिंत तिनं दुसऱ्याच दिवशी धरली. आमच्या बाजूनं कमरेइतकी उंच झाली होती. चिमण थबकला.

"हे काय चाललंय?" त्यानं गवंड्याला विचारलं.

गवंडी भला माणूस. त्याचं दळण माझ्याकडेच असतं. त्याला वाटलं चिमणला माहीत आहे. "पालिकेचा ठराव," तो म्हणाला. "कालच झाला. तुमच्या मामांच्याच हातानं तरला म्हणतात."

चिमण माझ्याकडे वळला. मी लगेच सगळं सांगून टाकलं, वखारीतलं, बैठकीतलं, हसण्यातलं. तुझी चिठ्ठी मात्र सांगितली नाही. तेवढं तरी माझ्याकडेच ठेवलं.

"माझ्यासाठी?" त्यानं विचारलं.

"हो रे."

तो त्या विटांकडे वळला. मग म्हणाला, "पहिल्या बैठकीचं आम्हाला आत कळलं होतं. शिपायानं हसत हसत सांगितलं, तुझ्या मामानं मान हलवली म्हणून. पोरं मला म्हणाली, तुमचं भांडण आहे का काही? मी म्हटलं, नाही, तो तसाच आहे, सरळ माणूस आहे. स्वतःच्या घरचं असलं तरी सोडत नाही. त्यांनी बोटं मोडली ना, तेव्हापण मला तुमचा राग नाही आला. मी म्हटलं, चला, आपल्या घरात एक तरी माणूस असा आहे."

तुमचा म्हणाला, ताई. आजवर "मामा, तू" असंच होतं. तासाभरापूर्वीपर्यंत होतं.

"मग आता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आता माझी बोटं कशासाठी गेली ते पण नाही कळत," तो म्हणाला.

त्यानं चांगला हात भिंतीवर टेकवला, ओली होती म्हणून जरा जपून, आणि पाय टाकून पलीकडे उतरला. गवंड्यानं त्याला धरून उतरवलं. त्याचा हात विटेवर होता तिथला चुना निघाला, तो गवंड्यानं थापीनं परत सारखा केला. चिमण अंधारातून पलीकडच्या उजेडात जाईपर्यंत दिसत होता. वळून बघेल म्हणून मी उभा राहिलो.

गवंडी म्हणाला, "मालक, थांबू का थोडं? परत यायचे असतील ना ते?"

मी म्हटलं, "नाही. तुम्ही तुमचं करा."

तो खालीच राहिला आहे. शिंपीकाकांनी ओसरीत जागा दिली. कात्री धरवत नाही, म्हणून डाव्या हातानं काज-बटणं करतो, असं सुईणबाई सांगत होत्या. त्या आता फाटकाला वळसा घालून जातात. वहिनी त्यांच्याबरोबर एकदा जाऊन आली. आल्यावर पाय शेकत बसली होती. पुढच्या आठवड्यात ती काही दिवस तिकडेच राहीन म्हणते. मी नको म्हटलं नाही.

गिरणी चालू आहे. दळण कमी झालं आहे. देवापुढे अजून बसतो. सवय आहे. पूर्वी मी काही मागत नसे. आता मागायला जातो आणि काय मागायचं ते सुचत नाही.

तू चिमणला भेटायला येणार असं लिहिलं आहेस. ये. आल्यावर बाजारच्या थांब्यावर उतरू नकोस, तिथून रस्ता नाही. एक थांबा पुढे फाटकाशी उतर. तिथून रंगाच्या कारखान्याची लांब भिंत धरून चाल, गुडघा दुखला तर मधे दगडाचा कठडा आहे, त्यावर बस. भिंत संपली की डाव्या हाताला वस्ती लागते. कोणालाही शिंप्याचं घर विचार, माणसं चांगली आहेत, दारापर्यंत सोडतील. माझ्याकडे आली नाहीस तरी चालेल. एका दिवसात दोन्हीकडे होणार नाही.

कोण म्हणून विचारलं तर चिमणची आई म्हणून सांग. कोणाची बहीण ते सांगू नकोस.

तुझा भाऊ